मी शून्य सांगत होते

मला बसता येत नव्हतं. आजारपणाचं लिहायला घेतलं की लोक गाठीपासून सुरू करतात, नाहीतर केस गळण्यापासून. माझे केस गेले, त्याचं मला फार काही वाटलं नाही. डोक्यावर पदर असतोच. पण मला बसता येत नव्हतं आणि ती गोष्ट मी कितीतरी दिवस कुणाजवळ काढली नाही. म्हणून तिथूनच सुरू करते. तुमची किंवा तुमच्या घरच्या कुणाची सुई सुरू असेल तर बाकीचं वाचलं नाही तरी चालेल, एवढं वाचा.

कोहमाऱ्याच्या चौकात हायवेला लागून आमचा ढाबा आहे. आमचे हे आत भट्टीवर, मी बाहेर गल्ल्यावर. यांचं नाव टेकचंद. इथं लिहिलं, तोंडानं मी घेत नाही. माणूस अबोल. दुपारपर्यंत दोन वाक्यं बोलले तर मीच विचारते, बरं नाही वाटत का? बोलायचं खातं माझ्याकडे. रायपूरचे, नागपूरचे ड्रायव्हर मला भाभी म्हणतात आणि जरा दबूनच असतात, कारण भाजीत मीठ कमी आहे असं कुणी म्हटलं की मी दोन शब्द जास्तच ऐकवते. ढाब्यावर मी बसतच नाही तशी. पण ती वेगळी गोष्ट आणि ही वेगळी.

दारावरची पाटी

आंघोळ करताना छातीत गाठ हाताला लागली. आधी दुर्लक्ष केलं, मग धान कापणीचे दिवस आले, मग दिवाळी. शेवटी नणंदेनं ओढत दवाखान्यात नेलं आणि तिथून नागपूरला पाठवलं. तुकडा काढून तपासायला दिला.

रिपोर्टच्या दिवशी यांनी मला बाहेर बाकावर बसवलं. "तू बस. मी पाहून येतो." आत गेले, बऱ्याच वेळानं आले. चेहरा असा, की कुणी ओळखीचं भेटलं असतं तर आधी यांनाच पाणी दिलं असतं.

"काय म्हणाले?"

"साधी गाठ आहे. काढून टाकतीन."

"अजी," मी म्हटलं, "ज्या दाराबाहेर मले बसवून गेले, त्या दारावर काय लिहिलं आहे ते पाहा. मी बारावी पास आहे."

यांनी मान वर करून पाटी पाहिली. तिच्यावर कॅन्सर हा शब्द चांगला हातभर मोठा होता. हे माझ्याशेजारी बसले आणि पाण्याची बाटली उघडून माझ्यापुढं धरली. मी तिथंच मोठ्यानं रडले. येणारेजाणारे पाहत होते. पाहू दे म्हटलं. मुलगी भोपाळला दिलेली, तिच्या पोटात तिसरा महिना, तिला कसं सांगायचं, ढाबा कोण पाहील, हे सगळं एकदम डोक्यात आलं. मरणाचं नंतर आलं.

त्या दिवसापासून एक उलटंच झालं. दवाखान्यात हे बोलायला लागले आणि मी गप्प झाले. डॉक्टर विचारायचे, भूक लागते? हे म्हणायचे, लागते. झोप? येते. दुखतं का? थोडंसं. माझी झोप यांना काय माहीत! पण दवाखान्याची पायरी चढली की माझ्या तोंडाला कुलूप लागायचं. ड्रायव्हरांना झापणारी बाई ती मी नव्हतेच जशी.

ताप आणि थर्मामीटर

ऑपरेशन नागपूरला झालं. पुढच्या सुया, म्हणजे केमो, मात्र गोंदियातल्या एका दवाखान्यात मिळतील असं ठरलं, घरापासून जवळ म्हणून. सकाळची एसटी पकडायची, गोरेगाव मागे टाकून गोंदिया, तिथून ऑटो. आत गेलं की आधी वजन. मग ताप. मग आदल्या दिवशीच्या रक्ताचा रिपोर्ट. तिन्ही बरोबर असतील तर खुर्ची मिळते आणि सलाईन लागते. एकही बिघडलं तर सिस्टर म्हणते, "आज नाही होणार, पुढच्या हप्त्यात या."

हे "आज नाही होणार" ज्यानं ऐकलं नाही त्याला त्याची भीती कळणार नाही. सुईची भीती वाटते, उलट्यांची वाटते, पण परत पाठवल्याची सगळ्यात जास्त वाटते. घरी जाऊन आठवडाभर वाटत राहतं, की आत ती गाठ परत वाढून राहिली असेल. एकदा माझं रक्त कमी भरलं आणि मला परत पाठवलं. त्या आठवड्यात मी गल्ल्यावर हिशेब चुकले, जे आयुष्यात कधी झालं नव्हतं.

आमच्या बाकावर कामठ्याच्या कौसल्याबाई असायच्या. माझ्यापेक्षा मोठ्या, माझ्या आधीपासून सुया घेणाऱ्या. नव्या बायकांना सगळं त्याच शिकवायच्या. लिंबू हुंगायचं, येताना सैल बाहीचं पोलकं घालायचं, आणि खिडकीजवळची खुर्ची घ्यायची नाही, तिथं ऊन येतं.

एक दिवस शीतल मॅडम आल्या. आमगावची मुलगी, दवाखान्यात समुपदेशनाचं काम करणारी. हातात एक कार्ड आणि त्यावर थर्मामीटरचं चित्र. खाली शून्य, वर दहा. प्रत्येकीपुढं धरायच्या आणि विचारायच्या, "गेल्या हप्त्यात मनाला किती त्रास झाला? काहीच नाही म्हणजे शून्य, सहनच होत नाही म्हणजे दहा."

मॅडम पलीकडच्या बाकावर होत्या तेवढ्यात कौसल्याबाईंनी माझ्या मांडीला चिमटा काढला. "शून्य सांगजो."

"काऊन?"

"थर्मामीटर नाई दिसत का तुले? अंगाचा ताप असला त वापस पाठवतेत. हा डोक्याचा ताप. जास्त निघाला त सुई देत नाईत. आणि मंग पागलवाल्या डॉक्टरकडं पाठवतीन ते वेगळंच."

मला पटलं. का नाही पटणार? त्या दवाखान्यात आमचं जे जे मोजलं होतं, ते परत पाठवायसाठीच मोजलं होतं. मॅडम आल्या तेव्हा मी शून्य म्हटलं. माझ्याही आधी यांनी म्हटलं, "बरी आहे ती. शून्य." सगळ्या बाकानं शून्य म्हटलं. मॅडमनं एकदा सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "बहोत बढिया," पण आवाज काही बढिया वाटल्यासारखा नव्हता.

पाय

तेव्हाच माझे पाय सुरू झाले होते.

सुई झाली की घरी आल्यावर काही दिवस उलटीच्या गोळ्या असायच्या. उलटी थांबली. पण दुसऱ्या दिवसापासून मला एका जागी राहवेना. बसले की आतून कुणी ढकलल्यासारखं व्हायचं. उठून चालले की घटकाभर बरं, थांबले की परत तेच. ताटावर बसून चार घास धड खाता येईनात, मी उभ्यानं भात खायची. खाटेवर पडले तर पाय आपोआप हलायचे. दुखत काही नव्हतं. दुखलं असतं तर सांगता आलं असतं. जिवाची नुसती तगमग, अंगातून बाहेर पडून कुठंतरी निघून जावं अशी.

ढाब्यावर मी खाटांच्या भोवती फेऱ्या मारायची. एक ओळखीचा सरदार ड्रायव्हर हसून म्हणाला, "भाभी, आज रेस लगा रखी है क्या?" मीही हसले. काय सांगणार? नणंद म्हणाली बाहेरचं लागलं आहे, जांभळीच्या बाबाला दाखवू. मी एका टोकाला गेले की हे भट्टीवरून मान वळवून पाहायचे, दुसऱ्या टोकाला गेले की तिकडं पाहायचे. माझं डोकं फिरायचं. ओरडले एकदा, "मले पाहून काय राहिले? पोळी जळून राहिली तुमची!"

मी भित्री झाले, मन कच्चं पडलं, असंच मला वाटत होतं. बाकी बायका नीट बसतात, मलाच काय झालं? स्वतःचीच लाज वाटायची.

आता जे लिहिते ते लिहू की नको, असा बराच विचार केला. लिहिते. आमच्या ढाब्यासमोरून दिवसभर ट्रक जातात, माझा जन्म त्यांच्या आवाजात गेला. त्या दिवसांत ट्रक येताना दिसला की मला वाटायचं, एकदाचं हे चालणं तरी थांबेल. मरायचं नव्हतं मला. मुलीचं बाळंतपण करायचं होतं. तरी तसं वाटायचं, आणि मग मी घाबरून मागे आडोशाला जाऊन उभी राहायची. मी रस्त्याकडे जाणंच सोडलं. आणि पुढच्या सुईच्या दिवशी मॅडमना सांगितलं, शून्य.

गोरेगाव

दोन सुया उरल्या होत्या. त्या सकाळी वजन, ताप, रक्त, सगळं बरोबर निघालं. सिस्टर म्हणाली, "चला काकू, खुर्चीवर बसा." खुर्चीवर बसा! मी त्या खुर्चीकडं पाहिलं. तिथं सलाईन संपेपर्यंत बसायचं होतं. माझी पाचावर धारण बसली.

"बाथरूमला जाऊन येते," म्हटलं आणि निघाले ती थेट फाटकाबाहेर. ऑटो केला, स्टँड गाठलं, आमच्या चौकावरून जाणारी देवरीची गाडी लागली होती, चढले. हे आत माझी पिशवी धरून बसलेले.

अर्धी गाडी रिकामी आणि मी दांडी धरून उभी. कंडक्टर म्हणाला, "मावशी, बसा ना. शीट खाली आहे."

"नाई बसायचं मले."

"अवं पण पडसान ना!"

"पडू दे!" मी एवढ्या जोरात म्हटलं की त्यानं तिकीट माझ्या हातात ठेवलं आणि पुढं निघून गेला. गोरेगावला गाडी थांबली तोवर गाडीतही राहवेना. उतरले. स्टँडच्या आवारात फेऱ्या मारायला लागले. तेव्हा मी मनात पक्कं केलं होतं, की आता सुई नाही. काय व्हायचं ते होवो, त्या खुर्चीवर मी बसणार नाही. ठरवलं आणि बरंही वाटेना. सुई सोडली तर ती गाठ परत येणार हे मला काय माहीत नव्हतं?

फोन वाजला. "कोठं आहेस?"

"गोरेगावात. स्टँडवर."

"तिथंच राय. मी येऊन राहिलो."

हे आले ते कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून. मला वाटलं आता बोलतील, चारचौघांत हात धरून ओढतील. यांनी पिशवी खांद्याला लावली आणि माझ्या बाजूनं चालायला लागले. मी वळले की हे वळायचे. रसवंतीवाला आमच्याकडं पाहून राहिला होता. आम्ही दोघं आपले या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मग हे बोलले. लग्नानंतर एवढं लांबलचक मी यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. "तू बोलत जाय ना. ते विचारतेत आणि मी बोलतो, बरी आहे, बरी आहे. मले का माहीत तू बरी आहेस का नाई? तू बोलत नाई त मले काईच समजत नाई. ढाब्यावर तू बोलतेस म्हणून मले समजते आज काय आहे त."

मी चालता चालताच म्हटलं, "मले बसता येत नाई."

"म्हणजे?"

"म्हणजे बसताच येत नाई. जीव जाते का काय असं होते. पाय थांबत नाईत." आणि मग ट्रकचंही सांगितलं. ते सांगताना मी यांच्याकडं पाहिलं नाही.

हे थांबले. पहिल्यांदाच माझ्यासोबत वळले नाहीत. मी पुढं जाऊन परत आले तेव्हा म्हणाले, "मॅडमले सांगू."

"सांगितलं त सुई बंद होईन."

"होऊ दे बंद. सुई गेली भट्टीत! चल."

सुई

शीतल मॅडमना सिस्टरनं आधीच सांगितलं असावं. आम्ही परत पोचलो तेव्हा त्या दवाखान्याच्या दारातच होत्या. मला खोलीत बसा म्हणाल्या नाहीत. मी पाय हलवत उभी राहिले तर म्हणाल्या, "काकू, चलते चलते बोलू या का?" आणि माझ्यासोबत व्हरांड्यात चालायला लागल्या. ते कार्ड यांच्या समोरच काढलं.

"आज किती?"

हे तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हटलं, "नऊ."

झालं, आता ही लिहील, आता सिस्टर येईल. मीच विचारून टाकलं, "मंग आज सुई नाई ना?"

"क्यों नहीं?"

"नऊ आहे ना. ताप जास्त असला त तुम्ही वापस पाठवता."

मॅडम चालायच्या थांबल्या. कार्डाकडं पाहिलं, थर्मामीटरकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "हे कोणी सांगितलं?"

"सगळ्याच म्हणतेत. तुम्ही आल्या की सगळा बाक शून्य सांगते."

"बाप रे," त्या म्हणाल्या. "म्हणून सगळ्यांचं शून्य! मी घरी जाऊन विचार करायची, या बायका इतक्या खंबीर कशा?" मग माझा हात धरला. "काकू, नीट ऐका. या आकड्यावरून सुई बंद होत नाही. तुम्ही शून्य म्हणाल तर मी पुढच्या माणसाकडं जाणार. नऊ म्हणाल तर तुमच्याजवळ थांबणार. बस, इतनाही है."

मग त्यांनी एकेक विचारलं. झोप कशी, कधीपासून पाय असे, गोळ्या कोणत्या. आणि एकदम सरळ विचारलं, "जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?" मला वाटलं होतं असं कुणी विचारलं तर मी मेल्याहून मेली होईन. उलट जीव हलका झाला. मी सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, की देवाचं नाव घ्या म्हणाल्या नाहीत. हे डॉक्टरांना सांगावं लागेल आणि काही दिवस घरी तुम्हाला एकटं सोडायचं नाही, एवढं म्हणाल्या. वाटलं तर केव्हाही फोन करा म्हणून यांच्या फोनमध्ये नंबर घातला.

डॉक्टर आले. त्यांनी आधी माझ्या पायांकडं पाहिलं. मग गोळ्यांचं पाकीट मागितलं आणि एक पट्टी बाजूला काढली. उलटीची गोळी. "ही काही जणांना अशी लागते. तुमचं मन कच्चं नाही, ही गोळी तुम्हाला मानवत नाही. बदलून देतो. आधी का नाही सांगितलं?"

का नाही सांगितलं! हसावं की त्याच्या डोक्यात ती पट्टी हाणावी हे मला कळेना. मी दोन्ही केलं नाही. रडले.

त्यांनी पाय शांत व्हायला एक औषध दिलं. सिस्टर ट्रे घेऊन आली आणि माझ्या हाताची शीर शोधायला लागली.

"सुई देता का खरंच?" मी विचारलं.

"मग? कायले आल्या होत्या इतक्या दुरून?" ती म्हणाली आणि टोचली.

सलाईन सुरू असताना मी मध्येमध्ये उठून उभी राहिले, स्टँड धरून जागच्या जागी पाय हलवले. कुणी काही म्हटलं नाही. दुसरी गोळी सुरू झाली आणि दोनतीन दिवसांत पाय थांबले. मी खाली मांडी घालून पोटभर जेवले. हे समोर बसून पाहत होते, आणि मी पाहू दिलं.

भीती मात्र गोळीबरोबर गेली नाही. ती गोळीची नव्हतीच सगळी. रात्रीबेरात्री अजून येते, रिपोर्टच्या आदल्या दिवशी तर हटकून येते. तिच्यासाठी मॅडमशी बोलावं लागलं, पुष्कळदा. कधी नुसती बडबड केली, कधी भांडले. मुलीला फोन करून खरं काय ते सांगितलं. ती चिडली, रडली, आणि आता रोज फोन करून माझं डोकं खाते. कौसल्याबाईंना मी सगळं समजावलं. त्या म्हणाल्या, "तुले सोडलं असन बाई. मले नाई सोडणार." पुढच्या वेळी मॅडम आल्या तेव्हा मी त्यांच्या मांडीला चिमटा काढला. त्यांनी बराच विचार करून सांगितलं, दोन. मॅडम त्यांच्याजवळ बसून राहिल्या.

शेवटची सुई

शेवटच्या सुईच्या दिवशी मॅडमनी मला विचारलं. मी म्हटलं, चार, आणि तेही उद्यापासून दवाखाना नाही याचंच. इथं निदान दर वेळी कुणी पाहतं तरी; घरी गेल्यावर कोण पाहणार, असं वाटून राहिलं होतं. त्या हसल्या, म्हणाल्या बऱ्याच जणांना असं होतं, आणि पुढची तारीख दिली.

मग त्यांनी कार्ड यांच्याकडं वळवलं. "काका, तुमचं किती?"

हे गडबडले. "माझं? मी का बिमार आहे?"

"तरी सांगा. सोबतच्या माणसालापण विचारते मी."

यांनी शर्टाची बाही खाली ओढली, भिंतीकडं पाहिलं आणि म्हणाले, "शून्य."

असं शून्य मी किती वेळा सांगितलं होतं. तो आवाज मला पाठ होता. तोंड उघडून तिथंच यांना खोटं पाडणार होते, सवयच तशी. पण यांच्या हाताकडं लक्ष गेलं. भट्टीत हात घालणारा माणूस, आणि ओढलेलीच बाही परत परत खाली ओढत होता.

"मॅडम," मी म्हटलं, "यांना आत घेऊन जा. दार लावून घ्या. मी बाहेर बसते."

हे मागे वळून माझ्याकडं पाहत पाहत आत गेले. दार लागलं. मी बाकावर बसले. मग रडणं ऐकू आलं. पुरुषाचं, दाबून ठेवलेलं, आणि मग न दाबलेलं. इतकी वर्षं एका घरात काढली, पण तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. मी अर्धी उठले. दारापर्यंत जावं, आत जाऊन यांचं डोकं पोटाशी धरावं, काहीतरी बोलावं असं फार वाटलं.

नाही गेले. परत बसले, आणि यांचं आतलं संपेपर्यंत तशीच बसून राहिले.